ट्रॉलीवरचा माणूस

ट्रॉलीखाली चपलांचा जोड, शहाण्यासारखा बाजूबाजूला ठेवलेला.

समुद्रापलीकडच्या एका हॉस्टेलात तीन नव्या कोऱ्या सुटकेसी.

छताला पंखा. फिरतो कमी, कुरकुरतो जास्त.

"अहो, हलू नका म्हटलं ना!"

आता ओळीने. मॅडम आपत्कालीन विभागाच्या प्रमुख. आपल्या निवासी डॉक्टरांनी दोन महिने परदेशात, जिथे यंत्रं कमी आणि पेशंट जास्त, अशा छोट्या हॉस्पिटलात शिकावं, म्हणून त्यांनी दोन वर्षं खपून आराखडा केला होता. पोरांनी तर सुटकेसीही घेतल्या. अडलं होतं फक्त तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या होकारावर. ते नाही म्हणाले की सगळं पाण्यात. म्हणून मॅडम स्वतःच समुद्र ओलांडून त्या हॉस्पिटलात येऊन थडकल्या.

भर दुपार. कॅज्युअल्टीत चिटपाखरू नाही. ट्रॉलीवर मात्र एक पिकल्या केसांचा माणूस, घामाघूम, तोंड उघडं, हात छातीवर. हाक मारली तर ओ नाही.

मॅडमच्या अंगात वीजच संचारली. बटणं काढली, ईसीजीच्या तारा चिकटवल्या, यंत्र सुरू. माणसाने डोळे उघडले, तशी त्याला दरडावलंही. "छातीत दुखतंय?"

"नाही. झोप लागली होती."

इतक्यात सिस्टर आत आल्या. "अगंबाई! मोठ्या डॉक्टरांना काय झालं?"

मॅडमना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "सर, मी..."

"नाव तरी विचारायचंत!" मोठे डॉक्टर तारांसकट उठून बसले. "आराखडा वाचलाय मी. पहिल्या दिवसापासून पेशंट हाती, असं म्हणता. तुमची पोरंही अशीच तुटून पडणार?"

"पडतील," मॅडमनी कबूल केलं. "मीच शिकवलंय."

सिस्टर फिसकन हसल्या.

"मग पहिला दिवस बदला. येईल त्याने आधी या ट्रॉलीवर पेशंट म्हणून पडायचं. कोण विचारतं, कोण न विचारता बटणांना हात घालतं, ते कळू दे. कबूल असेल तर माझी हरकत नाही."

मॅडमनी चपला काढल्या. "सुरुवात माझ्यापासून. उतरा."

"अहो, तारा तरी काढा आधी!"

मॅडम आडव्या झाल्या. खालून पंखा फारच मोठा दिसत होता, आणि आता पडेल की मग, असा. सिस्टर वाकल्या. "नाव काय, ताई? काय होतंय?"

"जरा भीती वाटतेय," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच चकित झाल्या.

"पास," मोठे डॉक्टर बटणं लावत म्हणाले. "पाठवा पोरांना."

मोठ्या डॉक्टरांचा ईसीजी अगदी नॉर्मल आला होता.