बोलावल्याशिवाय

"बोलावल्याशिवाय या दारात पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

आई ओरडली नव्हती. भांडी पुसता पुसता पाठमोरीच बोलली होती. नवऱ्याचं घर सोडून लेक माहेरी आली होती. आई म्हणे परत जा, आणि ही जाईना. "नाही टाकणार," एवढंच म्हणून तिने पिशवी उचलली. त्या घरात दिलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द. लहानपणी रागाच्या भरात कुणी 'जेवणार नाही' म्हणालं, तर आई त्याचं ताट मांडत नसे, आणि स्वतःही उपाशी झोपत असे.

लेकीने एक खोली घेतली, चष्म्याच्या दुकानात काम धरलं. पुढे मालक गिऱ्हाईक बघायचा, मागे पडद्याआड ही काचा घासायची. चाकावर पाण्याची धार, बोटांखाली काचेची कड, ओठांवर देवाचं नाव. वर्षं गेली. बोलावणं काही आलं नाही. आला तो धाकट्या भावाचा फोन, तोही सगळं उरकल्यावर. "आई गेली, ताई."

ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली. रडली नाही. ज्यांनी उशा-पायथ्याशी बसून दिवस काढले त्यांनी रडावं, आपला काय हक्क, असं तिला वाटे. फक्त ओठ हलायचे थांबले. बोलावणारीच गेली, आता जन्मभर कान लावून बसलं तरी हाक येणार नव्हती. मग देवाकडे मागायचं तरी काय?

एका दुपारी भाऊच दुकानात येऊन उभा राहिला.

"केवढा सुटलायस रे!"

"आणि तू काडी झालीयेस. एवढे आरसे आहेत दुकानात, बघत नाहीस वाटतं?"

दोघं हसली, आणि हसू कुठे ठेवावं ते दोघांनाही कळेना. भावाने खिशातून चष्मा काढला. दांडी मोडलेली, काचांवर ओरखडे.

"बाबांचा. नंबर नवा काढलाय डॉक्टरांनी. करून दे."

"त्यांना घेऊन ये. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर तोंडावरच मोजावं लागतं."

"ते उंबऱ्याबाहेर येत नाहीत आता. टाक अंदाजाने. बापाचं तोंड विसरलीस की काय?"

त्याने टोमणा मारला खरा. पण तिने बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, तर दिसली ती भांडी पुसणारी पाठमोरी आईच.

भाऊ स्टुलावर टेकला. "कितीदा म्हटलं आईला, बोलाव तिला. तर म्हणायची, मी नाही बोलावणार, तिचं तिला कळेल. आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना इथे पाठवायची! शेजारची काकू, शिंपी, शाळेतल्या बाई. चष्मा करायचा तर त्याच दुकानात करा म्हणायची. तो करून आणला की हातात घेऊन कडेवरून बोट फिरवत बसायची. काकू वैतागायची, 'अगं दे की, मला दिसत नाहीये!' तरी सोडायची नाही."

तिचा हात टेबलाची कड धरून राहिला. शेजारची काकू दुकानात आलेली तिने पडद्याच्या फटीतून पाहिली होती. शिंपीही. हे आपला तमाशा बघायला आलेत, असं वाटून ती दर वेळी चाक सुरू करायची, रिकामंच. म्हणजे त्या घरघरीत कुणी हाक मारली तरी ऐकू येऊ नये.

"मला का नाही सांगितलंस?"

"शब्द घेतला होता तिने माझ्याकडून."

"आणि तू पाळलास."

"तू नाही पाळलास?"

पुढे मालक कुणाला तरी अक्षरं वाचायला लावत होता. एक म्हातारा आवाज अडखळत वाचत होता. ते ऐकता ऐकता तिच्या तोंडून निघून गेलं, "मी येते रविवारी. मोजायला."

भावाने वर पाहिलं. "बाबांनी बोलावलंय, असं खोटं नाही सांगणार हं मी. ते जेवायलासुद्धा मागत नाहीत."

"मी कुठे विचारलं?"

रविवारी सकाळी ती आवरून खाटेच्या कडेला बसली आणि बसूनच राहिली. दोन शब्द दिलेले, एक आईला, एक भावाला, आणि एक पाळायचा तर दुसरा मोडायचा. देवाला दिलेला शब्द माणूस त्याच्या पायाशी ठेवतो. रागात दिलेला कुठे ठेवतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिथे जाऊन काय मिळणार होतं? माफी मागायची तर ती द्यायला कोण होतं? बाबा कदाचित मान फिरवतील. कदाचित ओळखणारही नाहीत. आईचं ते पडद्यापलीकडे येऊन परत गेलेलं सगळं आता कुणाच्याही हाताने परत येणार नव्हतं.

ती तोंडावर पदर दाबून रडली, पहिल्यांदाच. कुणाचा हक्क वगैरे मनात न आणता, मोठ्याने.

मग उठून तोंड धुतलं. मोजपट्टी आणि बारीक पेचकस रुमालात गुंडाळला. देवापुढे हात जोडले, नाव मात्र ओठांवर आलं नाही. दाराला कुलूप लावून, ते दोनदा ओढून पाहून, ती जिना उतरू लागली.