व्याह्यांचा अँटीव्हायरस

दिवाळीच्या सुटीत आठ दिवस लातूरला आजोळी राहून सृष्टी अहमदपूरला परत आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "आज्जा, लातूरच्या आज्जांनी कॉम्प्युटरला विकतचा अँटीव्हायरस बसवला. खोक्यातून आला. आपल्याला कोणता हाय?"

मडिवाळप्पा मास्तरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर ते नातीला काहीतरी शिकवत. आपल्याकडे कोणता अँटीव्हायरस आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कॉम्प्युटरबरोबर आलेला, फुकटचा. इतक्या वर्षांत त्याच्यामुळे कधी काही अडलं नव्हतं. पण ते सांगायला त्यांची जीभ वळेना.

"चांगला हाय आपला."

"विकतचा का?"

"हातपाय धू आधी."

लातूरचे व्याही गुरुपादप्पा डाळीचे व्यापारी. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षर मोठं कसं काढायचं हे विचारायला त्यांनी मास्तरांनाच फोन केला होता. आता त्यांच्या पडद्यावर हिरवी खूण उमटते, तपासणी झाली की घंटी वाजते, हे सगळं सृष्टी जेवताना आजीला सांगत होती. मास्तर अर्ध्या भाकरीवरच उठले.

त्यातच शाळेने कंधारच्या किल्ल्यावर दहा पानांची पुस्तिका कॉम्प्युटरवर करून आणायला सांगितली होती. चार पानं झाली होती.

"उरलेली लातूरला करू का?" सृष्टीने सहज विचारलं. "आई गुरुवारी तिकडं बारशाला चालली. मी पण जाते तिच्यासंगं."

"इथंच करायची," मास्तर म्हणाले. आवाज जरा चढलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुपादप्पांचा फोन आला. "शरणार्थ, मास्तर. सृष्टी सांगत होती, तुमच्याकडं बहुतेक फुकटातलाच हाय म्हणून. माझ्या खोक्यात तीन कॉम्प्युटरची सोय हाय, एक जागा नुसती पडून राहिली. तो चालू करायचा नंबर पाठवू का?"

"नको, नको. आमच्याकडं बंदोबस्त हाय."

"अहो, घ्या की. लेकीच्या घरी दिलं म्हणून समजा."

मास्तरांनी फोन ठेवला. त्यांच्या पत्नी पार्वतम्मा शेंगा फोडत बसल्या होत्या. "घ्यायचं की हो. त्यांच्याकडं पडूनच हाय."

"आन् परतीचा आहेर? सुनेच्या माहेरचं घेतलं की वरचढ करून परत द्यायचं, आपल्या घरची रीत हाय. नंबराच्या बदल्यात काय देऊ त्यांना, पाढे?"

"द्या. तुमच्याकडं तेच हाय."

मास्तर उठले आणि कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. फुकटात मिळणारा एक नावाजलेला अँटीव्हायरस त्यांनी उतरवून घेतला. तो बसला, जुना आपोआप बंद झाला आणि क्षणभर बरं वाटलं. मग वाटलं, हा तर नुसता बरोबरीचा झाला. म्हणून आणखी एक उतरवला. त्यांचा एक, माझे दोन.

सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायलाच बराच वेळ लागला. मग दोन्ही अँटीव्हायरस एकमेकांवर इशारे देऊ लागले. सृष्टीची चार पानं काही केल्या उघडेनात. तिने आपली वही दप्तरात भरली. मग म्हणाली, "मी लातूरलाच करते, आज्जा." रागानं नव्हे, अगदी समजुतीच्या सुरात. ते मास्तरांना जास्त लागलं.

त्यांनी कॉम्प्युटर ऑटोत घातला आणि सृष्टीला घेऊन बसस्टँडजवळ उज्वलाच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. उज्वला त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिने पाच मिनिटांत खोड ओळखली.

"सर, कुणी बसवले हे दोन?"

"बसले."

"एकाच पिशवीची दोघं झडती घेऊन राहिले. फाईल आली की हा धरतो, तो म्हणतो आधी मी. ती बिचारी मधीच अडकली. असला पहारेकरी एका वेळी एकच ठेवायचा असतो."

"मग दोन्ही काढ. चांगला विकतचा एक दे."

"कशाला? काय करता तुम्ही यावर?"

"हिला शिकवतो. वीजबिल भरतो."

"मग कॉम्प्युटरबरोबर आला होता तोच पुरे. अपडेट येऊ द्या, भलत्या लिंकवर दाबू नका, फाईलची एक नक्कल पेनड्राईव्हवर ठेवा. दुकानात दहा मशीन असली, अडलं की फोन उचलायला माणूस पाहिजे असलं, तर विकतचा घ्या."

"लातूरकरांनी घेतलाय," मास्तर हळूच म्हणाले.

उज्वलाने मान वर केली. "सर, तुम्हाला भीती व्हायरसची हाय का लातूरकरांची?"

मास्तरांच्या आधी सृष्टीच बोलली.

"आज्जा, मी त्या अँटीव्हायरससाठी न्हाई जात लातूरला. तिथं माऊस मला मिळतो."

"म्हणजे?"

"तुम्ही करून दाखवता, मी बघते. त्यांना काहीच येत न्हाई. म्हणून सगळं मीच करते."

पस्तीस वर्षं मास्तरांनी मुलांना शिकवलं होतं.

"उज्वला, ऊठ जरा," ते म्हणाले. "तिला बसू दे."

सृष्टी खुर्चीच्या टोकावर बसली. एकेक ओळ ओठ हलवत वाचू लागली. बाण नको तिथे गेला, परत आला. मास्तरांचा हात दोनदा पुढे झाला. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. तिने एक अँटीव्हायरस काढला, कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला, मग दुसरा काढला. जुना आपोआप जागेवर आला. चारही पानं उघडली.

"गुरुवारी जाणार का?" मास्तरांनी विचारलं.

"पुस्तिका होईस्तोवर न्हाई. पण तुम्ही असंच बसायचं."

"बसतो." पण मास्तरांना राहवेना. "तिथं ते कसे बसतात?"

"कोण?"

"लातूरचे."

"ते कुठं बसतात? ते झोपतात. लई घोरतात."

मास्तरांना ऐकून बरं वाटलं. बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली, पण बरं जास्त वाटलं.