मॅडमला भिजवायचं होतं

माझ्या लेकीला पाण्यात पाडणाऱ्या बाईला मला चारचौघांत भिजवायचं होतं. त्यापलीकडे त्या तलावावर माझं काही काम नव्हतं. योगाशी माझं देणंघेणं नाही. जन्मभर दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरी पिळल्या आणि वाळत घातल्या, वाकणं-उठणं तेवढ्यात झालं.

ती बाई म्हणजे मॅडम. तलावात हवा भरलेल्या लांबट फळ्या सोडायच्या आणि त्यांवर लोकांना उभं करून आसनं शिकवायची, हा तिचा धंदा. पॅडलबोर्ड म्हणतात त्या फळीला. एरवी तिच्यावर उभं राहून वल्हं मारत फिरतात. मॅडमच्या वर्गात वल्हं काठावर ठेवायचं आणि पाण्यावर झाड व्हायचं, धनुष्य व्हायचं. माझी लेक तिच्या हाताखाली होती. फळ्यांत हवा भरायची, नवख्यांना धरायची, पडलेल्यांना वर घ्यायची. हळूहळू लोक म्हणायला लागले, आम्हाला ताईच शिकवू देत. तिथेच माशी शिंकली.

एकदा मोठा कार्यक्रम ठेवला होता. काठावर ही गर्दी. लेक फळीवर शीर्षासनात होती. मॅडम आपली फळी हळूच शेजारी घेऊन आली आणि लेकीच्या फळीची कड तिने पायाने दाबली. उलटं असलं की नाकासमोर पायच येतात. मॅडमचा रंगवलेला अंगठा लेकीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि मग ती कोलमडली. मॅडमने गळ्यातला मोबाइल वर केला आणि तिच्या गटांगळ्या टिपल्या. वर मधाळ आवाजात म्हणाली, "श्वास सोडा, अहंकार सोडा!"

लेक बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, तुम्ही पायाने माझी फळी दाबलीत."

"वारा होता गं," मॅडम म्हणाली.

लोकांना वारा पटला. व्हिडिओ घरोघर पोचला. दूधवालासुद्धा दारात दात काढून म्हणाला, "ताई, परत एकदा पडून दाखवा ना!" लेकीने स्वतःची फळी हवा काढून, गुंडाळून पलंगाखाली ढकलली आणि खोलीचं दार लावून घेतलं. पाण्यातली मासोळी ती, आता आंघोळीलासुद्धा चार हाका मारायला लागायच्या. तेव्हाच मी ठरवलं.

घरात एक जुनं दार पडलं होतं. ते मी दोन गुंडाळलेल्या गाद्यांवर आडवं टाकलं आणि त्यावर एका पायावर उभी राहायला शिकले. शिकले म्हणजे आधी भरपूर आपटले.

आतून लेक ओरडायची, "आई, काय पडलं?"

"काही नाही. पाठ दुखते, फळीवर झोपते."

"पाठ दुखल्यावर माणूस एवढा आवाज करून झोपतं?"

"माझं वजन काय कमी आहे का!"

मॅडमने मला कधी पाहिलं नव्हतं. नाव नोंदवलं तेव्हा तिला हर्षच झाला. म्हाताऱ्या बाईचा फोटो लावला की माणसं येतात. "बघा, आजीसुद्धा करतात," असं ती ऊठसूट सांगायची. मी गोड हसायची. पोटात निखारे होते, पण वर धूर येऊ दिला नाही.

माझ्या शेजारच्या फळीवर दातांचे डॉक्टर असायचे. "आजी, तुमचा तोल माझ्यापेक्षा बरा आहे," ते म्हणाले.

"डॉक्टर, तुमचं पोट तुमच्या आधी आसनात पोचतं, म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

फळ्या वाहून जाऊ नयेत म्हणून पाण्यात एक लांब दोरी ताणलेली असायची, दोन्ही टोकांना लाल तरंगते डबे. प्रत्येक फळी तिला एका कडीने अडकवलेली. दोरीच्या त्या टोकाला मॅडम, या टोकाला मी. ती दोरी पाहिली आणि मला माझी लॉन्ड्री आठवली. वाळत घातलेल्या चादरींच्या दोरीला एका टोकाला हिसका दिला की दुसऱ्या टोकाची चादर उडते. मधल्यांना पत्ताही लागत नाही. मला मार्ग सापडला.

मॅडमने शीर्षासन दाखवायचा दिवस जाहीर केला. काठावर पुन्हा माणसं जमणार होती, त्यावेळचीच बरीचशी. मी लेकीला म्हटलं, "आज माझ्याबरोबर चल. नाही आलीस तर मी जेवणार नाही."

कुठे जायचं ते सांगितलं नाही. तलाव दिसताच तिने माझा हात झटकला. "आई, तू मला इथे आणलंस?"

"पिशवी धरून बस. एवढंच काम आहे तुला."

ती टोपी डोळ्यांवर ओढून कपडे बदलायच्या खोलीआड बसली.

आम्ही फळ्यांवर चढलो. मॅडमने सगळ्यांना वृक्षासनात उभं केलं, एक पाय वर, हात जोडलेले. मग तिने डोकं टेकवलं आणि पाय वर नेले. काठावर टाळ्या पडल्या. मी उचललेला पाय खाली घेतला, वाकले, दोरी मुठीत धरली आणि होतं नव्हतं ते बळ लावून हिसका दिला.

लॉन्ड्रीतली दोरी खांबांना बांधलेली असते. ही तरंगत्या डब्यांना होती. हिसका त्या टोकाला पोचलाच नाही, दोरीच सगळीच्या सगळी माझ्याकडे आली. फळ्या एकमेकींवर आपटल्या. एका पायावरची माणसं भदाभद पाण्यात. डॉक्टर पडले तेव्हा तर लाट आली. आणि मी, फळीवरून उपडी, तोंडात तलाव.

मॅडम मात्र तशीच उलटी उभी! हलली, डुलली, पण पडली नाही.

मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट अंगात होतं, पण भीतीला ते कुठे कळतं? मी हातपाय झाडत होते, ठसके देत होते. मॅडम सावकाश खाली उतरली, मांडी घालून बसली, आणि तिने गळ्यातला मोबाइल माझ्यावर धरला.

"आजी, इकडे बघा! श्वास सोडा, अहंकार सोडा!"

काठावर कुणीतरी खिदळलं. मी मनात म्हटलं, संपलं. आता दूधवाला मलाही तेच सांगणार.

तेवढ्यात काठावर धप्प असा आवाज झाला. माझी पिशवी पडली होती. टोपी, चपला, सगळं तिथेच टाकून लेक पाण्यात शिरली होती. सरळ माझ्याकडे आली. मला फळीवर पालथी टाकलं, पाठीवर दोन थापा मारल्या, मी श्वास घेतेय ना ते पाहिलं. मग पाण्याखाली गेली.

ती वर आली ती मॅडमच्या फळीपाशी. मॅडम अजून मोबाइलच्या काचेत मलाच शोधत होती. लेकीने दोन्ही हातांनी फळीची कड धरली आणि अंग टाकलं. फळी उलटली. मॅडमचे पाय वर, डोकं खाली. शीर्षासनच ते, फक्त या वेळी पाण्याच्या आत.

मॅडम वर आली तेव्हा केसांत शेवाळ होतं आणि गळ्यात मोबाइल नव्हता. "हिने पाडलं! मुद्दाम!" ती किंचाळली. "सगळ्यांनी पाहिलंय! डॉक्टर, तुम्ही पाहिलंत ना?"

डॉक्टर आपल्या फळीला मिठी मारून तरंगत होते. "मी काय पाहणार, मॅडम? माझा चष्मा तळाला गेला."

बाकीचे कान झाडत होते.

लेक तिच्या अगदी तोंडासमोर गेली आणि मधाळ आवाजात म्हणाली, "वारा होता, मॅडम."

मी फळीवर पालथी पडून हसले. पोटातलं पाणी नाकातून आलं तरी हसले.

घरी आल्यावर लेकीने ओले कपडे गॅलरीत वाळत टाकले. मग पलंगाखालून तिची फळी बाहेर ओढली आणि पंप शोधायला लागली.

"आई, ती दोरी तूच ओढलीस ना?"

"कपड्यांची वाटली मला."

"सगळ्यांना पाडलंस, तिला सोडून. पुढच्या वेळी आधी मला विचार."

"पुढच्या वेळी? भिजली की ती!"

लेकीने पंपावर जोर दिला. फळी फुसफुसत फुगायला लागली.

"एकदाच भिजली आहे," ती म्हणाली. "आणि तेव्हा काठावरच्या निम्म्या लोकांचं लक्ष तुझ्याकडे होतं."

मी पंपाचं दुसरं टोक धरलं.