डोक्याकडून वर होणारी खाट

मी शिंपी. डोकं लवकर तापतं माझं, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या हिच्या छातीत पाणी झालेलं. आडवी झाली की जीव कोंडायचा, म्हणून सहा दिवस खुर्चीतच बसून होती. डॉक्टर म्हणाले, डोक्याकडून वर होणारी खाट आणा, नाहीतर काही खरं नाही. गावभर पायपीट केली, भाड्यानंही मिळेना. शेवटी शेजारीण म्हणाली, "चर्चमध्ये एक पडून आहे. पण ती त्यांच्याच लोकांसाठी असते हं."

मग काय, त्यांचा माणूस व्हायचं ठरवलं! शेजारणीच्या नातीकडून एक प्रार्थना लिहून घेतली, मशीन चालवता चालवता पाठ केली आणि सकाळीच चर्चच्या ऑफिसात हजर झालो. टेबलामागे सभासदांची यादी सांभाळणारे एक काका बसले होते. मी खाट मागितली.

"मंडळीत नाव आहे का तुमचं?"

मी हात जोडले, डोळे मिटले आणि धडाधड म्हणून टाकलं, "हे प्रभू, या ताटातल्या अन्नाबद्दल तुझे आभार..."

डोळे उघडले तर काका हसू दाबत होते. "अहो, ही जेवणाआधीची!"

माझं टाळकंच सरकलं. "असू दे जेवणाआधीची! बायको गुदमरतेय माझी. तुमच्या देवाला खाटेची वेगळी लागते का?" आणि बोलता बोलता रडूच फुटलं. साठीचा बाप्या मी, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांचं हसू पार मावळलं. "माझ्या हातात असतं तर दिली असती हो. पण नियम आहे, यादीत नाव लागतं."

आवाज ऐकून चर्चचे पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, खाट कुणाला द्यायची ते यादीत बघू नका. उचलायला कुणाला बोलवायचं, ते बघा. लावा फोन."

अर्ध्या तासात पाच जण आले. जिना अरुंद, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. काका सगळ्यात पुढे, प्रत्येक वळणावर "मेलो, मेलो" म्हणत होते, पण हात सोडायला तयार नाहीत. पाळक खालच्या बाजूला, सगळं वजन त्यांच्यावर.

"आता रविवारी यायला लागेल ना मला?" मी विचारलं.

"वाटलं तर या," पाळक घाम पुसत म्हणाले. "खाटेचा आणि त्याचा काही संबंध नाही."

काकांनी दांडा फिरवून डोक्याकडची बाजू वर केली. आलेल्या पाच जणांतल्या दोघी बायकांनी हिला अलगद टेकवलं. तिनं डोळे मिटले. मी तिच्या छातीकडे बघत उभा राहिलो.

जरा वेळानं तिनं डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्यावर खेकसली, "अहो, माणसांना उभं काय ठेवलंय? चहा टाका की!"

सहा दिवसांत पहिल्यांदाच एका दमात एवढं बोलली. देव त्यांचं भलं करो! मी डोळे पुसत चहा टाकायला पळालो.