राखलेला कान

सर्जेराव वस्तादांचे दोन्ही कान मोडलेले, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा! कान मोडला नाही तो पैलवान कसला, हे तालमीतल्या पोरांना दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे. अशा माणसाच्या पोटी सत्यजीत निघाला. बारावीचं पोरगं, एनडीएची लेखी परीक्षा पास झालेलं, आणि डोक्यात एकच खूळ, विमान उडवायचं. घरच्या कांद्याच्या जिवावर कुणी पायलट होत नाही. फौजेत शिरायचं, तीच एक वाट होती.

त्या साली, म्हणजे नव्याण्णवला, जत्रेच्या आखाड्यात पाटसच्या पैलवानाशी वस्तादांनी पोराची कुस्ती ठरवून टाकली. पोराला न विचारता. विचारायची पद्धतच नव्हती.

"आबा, मी लढणार न्हाई," सत्यजीत म्हणाला. "पुढच्या म्हैन्यात मुलाखत हाय, मंग मेडिकल. कान मोडला तर फ्लाइंगला घेत न्हाईत. हेल्मेट बसत न्हाई."

"आरं, मी शब्द दिलाय."

"मंग लढतो. पर इमान गेलं म्हणून समजा."

वस्तादांना दोन दिवस घास गोड लागेना. शब्द मोडावा तर पंचक्रोशीत तोंड दाखवायची चोरी, पाळावा तर पोराच्या जन्माचं वाटोळं. अखेर त्यांनी पोराचं पोट बिघडल्याचं पंचांना सांगितलं आणि त्याच्या जागी जालिंदरला उतरवलं. बाप नसलेलं हे झुंबरबाईचं पोर, सत्यजीतच्याच वर्गातलं. वस्ताद म्हणाले लंगोट कस, त्यानं कसला.

पाटसकरानं त्याची मान काखेत दाबून कान असा रगडला की बघता बघता तो भज्यासारखा फुगला. तरी जालिंदरनं गड्याला अस्मान दाखवलंच. लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. साप मेला आणि काठीही मोडली नाही, म्हणून वस्ताद खूश.

सत्यजीत दौंडला गाडी धरून म्हैसूरला मुलाखतीला गेला आणि निवडला गेला. मेडिकलला डॉक्टरांनी त्याचे कान चाचपून, आत बॅटरी मारून बघितलं आणि फ्लाइंगला योग्य ठरवलं. खडकवासल्याचं बोलावणं आलं तसे वस्ताद पेढ्यांची पाटी घेऊन स्वतः घरोघर निघाले. छाती अशी फुगलेली की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी.

झुंबरबाईनं पेढा कपाळाला लावला.

"लई ब्येस झालं, वस्ताद. पोराचा कान राखला तुमी, बापानं आसंच करावं." मग ती हसली. "आमच्या जालिंदरचा गेला, पर त्येला कुठं इमान चालवायचंय?"

टोमणा असता तर वस्तादांनी तो परतवला असता. पण बाई मनापासून बोलत होती, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जालिंदर ओट्यावर बसून ऊस सोलत होता. मोडलेला कान आता वाळून घट्ट झाला होता. वस्ताद त्याच्याजवळ गेले.

"तुला काय व्हायचं हुतं रं?"

जालिंदर गोंधळला. वस्तादांनी दिलेला पेढा हातात तसाच धरून त्यानं आईकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"मला?" तो म्हणाला. "मला कुनी इचारलंच न्हाई की, वस्ताद."