परतीच्या बाजूला

बाईंनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्यापासून ही तिसरी वेळ. ग्रंथपाल चार पावलं लांब उभे राहून पाटीवरचा नकाशा वाचत होते. नकाशा त्यांनीच काढलेला होता, त्यात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"फार आवळू नका," रखवालदार खिडकीतून म्हणाला. "वाट साधी आहे. लोक चपलेवरसुद्धा जातात."

बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. तो खिडकीतून मागे सरला.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आम्ही चपलेवरच आलो होतो."

रस्त्यापलीकडे गाडीत त्यांचा मुलगा बसला होता. काच खाली, नजर मोबाइलवर. आई उतरताना तो म्हणाला होता, "तुला बघायचंय ना? मग तूच बघून ये." त्याने आवाज चढवला नव्हता, तरी ग्रंथपालांना ते रस्त्याच्या अलीकडे ऐकू आलं होतं.

सकाळी व्यवस्थापकांनी त्यांना इस्टेटीच्या कचेरीत बोलावून घेतलं होतं. "त्यांना एकदा ती जागा बघायची आहे. नाही कसं म्हणणार आपण? तुम्ही सोबत जा, तुमच्याइतकी वाट कुणाला ठाऊक नाही." मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "विचारतील तेवढंच बोला. खुणांचा विषय आपण होऊन काढायचा नाही. त्या दिवसाच्या अहवालात खुणा स्पष्ट आहेत असं लिहिलंय. आणि आज जाऊन बघितलं तर ते खरंच आहे."

ग्रंथपाल "हो" म्हणाले होते. ते सगळीकडे आधी हो म्हणत आणि मग आठवडाभर मनातल्या मनात नाही म्हणत राहत.

"चला," बाई उठल्या.

इस्टेटीच्या एका अंगाला तटबंदीचं जुनं गाव होतं, दुसऱ्या अंगाला घंटाघराचं. बाहेरचे लोक सकाळी तट बघत, दुपारी घंटाघर, आणि मधल्या वेळात पाय मोकळे करायला या रानात येत. वाचनालयातून निवृत्त झाल्यावर ग्रंथपालांनी त्यांच्यासाठी चार वाटा आखल्या होत्या. पिवळी वाट सगळ्यांत सोपी. झाडाच्या खोडावर तळहाताएवढा पिवळा पट्टा, एक मागे पडायच्या आत पुढचा दिसायचा. गोल फिरून पन्नास मिनिटांत पुन्हा फाटकाशी.

पट्टे खोडाच्या एकाच बाजूला काढायचे, जाणाऱ्याला दिसतील असे, हेही त्यांनीच ठरवलं होतं. दोन्ही बाजूंना काढले तर रान जाहिरातींच्या भिंतीसारखं दिसेल, असं त्यांना वाटे. बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, अर्ध्यातून कुणी मागे फिरला तर? तेव्हा ग्रंथपाल म्हणाले होते, "पुस्तक कुणी मागून वाचत नाही." सगळे हसले होते. त्यांच्या बोलण्यावर आख्खी बैठक हसल्याचा तो एकच प्रसंग. पुढे कितीतरी दिवस तो आठवून त्यांना बरं वाटायचं.

"तुमच्या कोटाचं अस्तर सुटलंय," मागून बाई म्हणाल्या.

ग्रंथपाल दचकले. "हो का?"

"खालच्या बाजूला. दुकानात दिला होता का?"

"नाही, बायकोनं टाके घातले होते."

"मग काही बोलत नाही." बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण टिकलं नाही. "आमचं शिलाईचं दुकान आहे. हे कापायचे, मी शिवायची. कुणी दुसऱ्याकडचा कपडा आणला की हे आधी तो उलटा करून बघायचे. म्हणायचे, सुलट बाजूनं सगळेच चांगलं शिवतात."

ग्रंथपालांनी कोटाची मागची कड मुठीत धरली आणि तशीच धरून चालू लागले.

वाट वळत वळत चढली आणि सपाटीवर आली. पानांचा थर पावलांखाली आवाज न करता दबत होता. बाकड्याच्या अलीकडे बाई थांबल्या. दगडी बाक, पाठ नसलेला, त्याच्या एका पायाशी शेवाळ. त्यांनी बाकाच्या मधोमध न बसता डाव्या टोकाला बसून घेतलं, उजवीकडे माणसाची जागा मोकळी राहील असं.

"इथे हे म्हणाले, जरा टेकतो. कपाळावर एवढा घाम. फोनला रेंज नव्हती. म्हणाले, तू पुढे जा, कुणीतरी भेटेल. मी म्हटलं, पुढचं मला काय माहीत? मागचं बघितलेलं आहे. फाटकाशी माणूस आहे. म्हणून मी मागे फिरले." बाई त्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या. "पुढून फाटक किती लांब होतं?"

विचारतील तेवढंच बोला.

"अठरा मिनिटं," ग्रंथपाल म्हणाले.

"आणि मी पावणेदोन तास भटकत होते. शेवटी भलत्याच भिंतीशी निघाले. माणसं इथं पोचली तोवर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि पिशवी उघडली. आतून घडीपत्रक निघालं, घड्यांवर झिजून मऊ झालेलं. "हे घरी सापडलं, ह्यांच्या शर्टाच्या खिशात. मुलानं मला वाचून दाखवलं. ऐका. 'वाट सोपी व सावलीची. मुलांना आणि ज्येष्ठांना सुखकर. वाट चुकणे अशक्य.'"

ग्रंथपालांना ते वाक्य पाठ होतं. आधी त्यांनी 'वाट चुकण्याची भीती नाही' असं लिहिलं होतं. ते खोडून 'अशक्य' लिहिलं, कारण वाचताना ते ठसठशीत वाटलं.

"तीनदा वाचून दाखवलं. भांडला नाही हो, आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आता जेवायला बसतो तेव्हा ताटाकडे बघतो, माझ्याकडे बघत नाही." त्यांनी पत्रक होतं त्याच घड्यांवर मिटवलं. "सोपंच असणार. ज्यांनी लिहिलं त्यांनी बघूनच लिहिलं असेल."

ग्रंथपालांनी तोंड उघडलं.

"उशीर होतोय," एवढंच ते म्हणाले. "पुढून गेलं तर लवकर पोचू."

"पुढून नाही. मी मागे गेले होते तशी मागे जाणार आहे. कुठं चुकलं ते मला बघायचंय."

त्या उठल्या आणि आल्या वाटेला तोंड करून उभ्या राहिल्या. समोरच्याच झाडावर छातीच्या उंचीला पिवळा पट्टा होता. कोवळ्या उन्हात तो चमकत होता.

बाई हलल्या नाहीत.

"ही खूण होती तेव्हा?"

ग्रंथपाल कोटाची कड चाचपत राहिले. बाई चालू लागल्या. पुढच्या झाडावर पट्टा. त्याच्या पुढच्यावर आणखी एक. प्रत्येक पट्ट्यापाशी त्यांचं पाऊल आखडत होतं, जणू कुणी नाव घेऊन हाक मारत होतं. सहाव्यानंतर त्यांनी वर बघणं सोडून दिलं.

चौथ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर, व्यवस्थापकांनी परतीच्या बाजूलाही पट्टे रंगवून घेतले होते. रखवालदाराने खोडावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने घासलं, "वरातीमागून घोडं," असं पुटपुटला आणि रंगात ब्रश बुडवला. रंगाचा डबा ग्रंथपालांनी धरला होता. पुन्हा कुणाच्या वाट्याला हे येऊ नये, एवढाच विचार त्यांच्या मनात होता. ज्यांच्या वाट्याला ते येऊन गेलं होतं त्या कधी इथे परत येतील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

उताराच्या तळाशी वाट फुटत होती. येताना ही जागा कळतही नाही, वखारीकडची गाडीवाट तिरकी मागून येऊन मिळते आणि चालणारा पुढे निघून जातो. परत जाणाऱ्याला मात्र उजवीकडे तीच रुंद, सपाट, सरळ दिसते, आणि खरी पायवाट झुडपामागे लपते. पायवाटेच्या तोंडाशी जाड बुंध्याचं झाड होतं. त्याच्यावरचा पट्टा सगळ्यांत मोठा, वर बाणसुद्धा.

बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग हात पुढे करून त्यांनी बाणावर तळवा ठेवला.

"एवढा मोठा," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा, आणि मी इथून त्या बाजूला गेले. आंधळ्यालासुद्धा दिसला असता हो. मुलगा बरोबरच म्हणतो, आई, तू घाबरलीस आणि बघितलंच नाहीस." त्यांचा आवाज कापडाची घडी घालताना असतो तसा सपाट होता. "बरं झालं, आले. घरी मला वाटायचं, नसेल खूण. रोज वाटायचं."

त्यांनी तळवा काढून साडीला पुसला. पिशवी खांद्यावर नीट केली. पाहायचं ते पाहून झालं होतं.

ग्रंथपालांनी खिशातून घराची किल्ली काढली.

ते झाडाला वळसा घालून पलीकडे गेले, येतानाच्या बाजूला, आणि तिथल्या जुन्या पट्ट्याच्या कडेला किल्लीचं टोक खुपसलं. दोनदा किल्ली निसटली. मग बिस्किटासारखा एक जाड तुकडा सुटला. त्याच्या कडेला एकावर एक रेघा होत्या, पिवळी, मळकी, पुन्हा पिवळी.

"रंगाचे सहा हात आहेत," ते म्हणाले. "दरवर्षी एक."

ते परत अलीकडे आले आणि बाणाखालच्या पट्ट्यावर किल्ली ओढली. रंग साय निघावी तसा सुटला. खाली सालीवर तारेच्या ब्रशचे ओरखडे होते, अजून ताजे, लालसर.

बाईंनी दोन्ही तुकडे त्यांच्या हातातून घेतले. शिवणकामाने टोचून टोचून निबर झालेल्या बोटांनी आधी जाड तुकडा चाचपला, मग पातळ. मग पातळ तुकडा नखावर घेऊन वाकवला. तो मोडला नाही, वाकला.

"हा किती दिवसांचा?"

"पंधरा."

बाईंचे ओठ हलले. नवऱ्याला जाऊन झालेले एकोणीस दिवस त्यांना मोजावे लागत नव्हते. पंधरा मात्र त्यांनी मोजले.

रानात कुठेतरी फांदी मोडल्याचा आवाज झाला. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"त्या दिवशी इथं काय होतं?"

"काही नव्हतं. नुसतं शेवाळ. तुम्ही मागे आलात त्या आख्ख्या वाटेवर काही नव्हतं."

"आणि हे एकाच बाजूनं काढायचं, हे कुणी ठरवलं?"

"मी." एकदा सुटल्यावर त्यांना थांबता येईना. "पत्रकसुद्धा मीच लिहिलंय. अशक्य हा शब्द माझा. बैठकीत एकानं विचारलं होतं, कुणी मागे फिरला तर काय? मी म्हणालो होतो, पुस्तक कुणी मागून वाचत नाही. सगळे हसले होते. मीही हसलो होतो."

त्या काहीतरी बोलतील म्हणून ते मान खाली घालून थांबले. बाईंनी फक्त झाडाचा आधार घेतला आणि हळूहळू खाली, पानांवर बसल्या. पाठ खोडाला, पाय समोर, दिवसभर मशीनवर बसून उठलेल्या बाईसारख्या. बराच वेळ त्या वखारीच्या रुंद वाटेकडे बघत होत्या. ग्रंथपालांना जवळ जावं की लांब उभं राहावं, कळेना. ते जिथे होते तिथेच राहिले.

शेवटी बाईंनी हात पुढे केला. ग्रंथपालांना वाटलं, उठायला आधार हवा आहे. पण त्या रंगाचे दोन तुकडे परत देत होत्या.

"हे तुमच्याजवळ ठेवा," त्या म्हणाल्या. "मुलाला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, आई आता कारणं शोधतेय."

"मी?" ग्रंथपाल म्हणाले. त्यांना व्यवस्थापकांचा चष्मा आठवला, अहवाल आठवला. अनोळखी माणसाशी ते कधी आपण होऊन बोलले नव्हते. वाचनालयातसुद्धा लोकच आधी बोलत.

"तुम्हीच. जसं मला सांगितलंत तसं. हसण्याचंसुद्धा."

त्या खोडाला धरून स्वतःच उठल्या. साडीला चिकटलेली पानं झटकली.

येताना बाई मागे होत्या, आता त्या पुढे निघाल्या. पुढच्या प्रत्येक झाडावर पिवळा पट्टा होता, पण त्यांनी एकाहीकडे बघितलं नाही. वाट त्यांना पाठ झाल्यासारखी त्या चालत होत्या. फाटक दिसायला लागलं तशा त्या बाजूला झाल्या आणि ग्रंथपालांना पुढे जाऊ दिलं.

रखवालदार खिडकीत उभा राहिला. ग्रंथपालांच्या तोंडाकडे एकदा बघून त्याने फाटकाची कडी न विचारता काढली.

रस्ता रिकामा होता. तरीही ग्रंथपालांनी दोन्हीकडे बघितलं, मग तो ओलांडला. गाडीच्या खाली केलेल्या काचेशी वाकून उभे राहिले. मुलाने मोबाइलवरून मान वर केली आणि त्यांच्या खांद्यावरून आधी आईला शोधलं. ती फाटकाशीच थांबली होती.

"काय झालं?" तो म्हणाला.

ग्रंथपालांनी मूठ उघडली.