काटा निवेपर्यंत

पाणबुड्यांच्या सिलिंडरांत हवा भरून देणाऱ्या बाईला त्या दुपारी आईला दुकानात आणावं लागलं. घरी सांभाळणारी तापाने झोपली होती. आईने तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं; आता तिला लेकीचं नावही आठवत नसे. खिडकीजवळच्या उन्हात, कॉम्प्रेसरच्या घरघरीत ती पेंगू लागली.

तेवढ्यात एक पाणबुड्या घोड्यावर बसूनच आला. "ताई, बोट सुटेल. झटपट भरा!"

लेकीने व्हॉल्व्ह जरा जास्तच उघडला. दाब दाखवणारा काटा सरसर चढत दोनशेच्या खुणेवर गेला.

"झालं की. द्या."

आई कधी उठली ते कळलंच नाही. तिने सिलिंडरवर तळहात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "घाई केलीस," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "हवा कोंबलीस, पण उष्णतेला बाहेर पडायला सवडच दिली नाहीस. हा काटा खोटं बोलतोय."

"आजी, मला उशीर..."

"बस खाली. निवेपर्यंत कोणी उठायचं नाही."

एवढा दांडगा गडी, पण मुकाट्याने हाताची घडी घालून बसला.

तिघंही काट्याकडे बघत राहिली. उन्हाचा पट्टा फरशीवरून भिंतीवर चढला. काटा झोपेत कूस बदलावी इतक्या हळू उतरत एकशे पंच्याहत्तरवर थांबला.

"बाप रे," पाणबुड्या पुटपुटला. बोट सुटली होती. लेकीने उरलेली हवा थेंबाथेंबाने भरली, तेव्हा कुठे तो गेला.

मग तपासणीसाठी आलेला एक जुना सिलिंडर तिने रिकामा करायला घेतला. हवा शीळ घालत सुटली आणि पितळी तोंडावर दव धरलं. आईने ते बोटावर घेऊन लेकीच्या गालाला लावलं.

"गार ना? भर्रकन पसरली ती. पसरणं म्हणजे कामच. बाहेरून ऊब घ्यायला वेळ नव्हता, मग पोटातलीच खर्चली."

लहानपणी आईने तिला मुद्दाम दुसऱ्या तुकडीत घातलं होतं. आईचा तास तिला कधी मिळालाच नव्हता.

"कळलं, बाई," ती म्हणाली.

"हुशार आहेस. उद्यापासून पुढच्या बाकावर बस." आई खुर्चीत टेकली. नजर पुन्हा हरवली. "घंटा झाली का गं?"

"नाही, बाई. अजून अर्धा तास आहे."

लेकीने कॉम्प्रेसर बंद केला आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसली.